कंपवाताची औषधे आणि डोळा : एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

कंपवाताला ज्यांचे नाव मिळाले, त्या इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये लंडनमध्ये या आजारावर छापलेल्या निबंधात सहाच रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांतलेही काही त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले. थरथर, वाकलेली पाठ, पुढे तोल जाऊन धावल्यासारखी चाल हे सारे त्यांनी नेमके टिपले. पण ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात, असेही त्यांनी व्याख्येतच लिहून ठेवले. पुढची दीडशे वर्षे या वाक्यातला दृष्टीचा भाग जवळजवळ कोणी तपासून पाहिला नाही. मेंदूचे डॉक्टर हातपाय बघत, डोळ्यांचे डॉक्टर तक्ता वाचून घेत, आणि शेवटची ओळ वाचता आली की डोळ्यांचा विषय तिथेच मिटे.

खरे तर या आजाराचे पहिले औषधच डोळ्यावर काम करणारे होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूतज्ज्ञ शार्को कंपवातावर बेलाडोना कुळातील अर्क देत. बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. डोळ्याची बाहुली मोठी दिसावी म्हणून इटलीत हा रस डोळ्यांत घालत, त्यावरून हे नाव पडले. 1949 मध्ये त्याच जातीचे कृत्रिम औषध आले, ट्रायहेक्सिफेनिडिल. आपल्याकडे ते पॅसिटेन म्हणून ओळखीचे आहे. ते अॅसिटिलकोलिन या मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाला अडवते. त्यामुळे थरथर आणि लाळ कमी होते, पण बाहुली पसरते, जवळचे अक्षर पुसट होते आणि अश्रू आटतात. डोळ्यातील पाणी निचरण्याचा कोन मुळातच अरुंद असेल, तर पसरलेली बाहुली तो बंद करू शकते आणि काही तासांत दाब भडकतो. डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, कपाळ ठणकते, उलट्या होतात. घरचे पित्त समजून बसतात, आणि तोवर नजर जायला लागते.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. औषधाच्या वेष्टनावर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ एवढेच छापलेले असते. धोका अरुंद कोनाच्या काचबिंदूचा आहे, उघड्या कोनाच्या काचबिंदूत ही औषधे दाबावर लक्ष ठेवून देता येतात. कोन कसा आहे हे गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्यावर खास भिंग ठेवून कोन पाहण्याची तपासणी, केल्याशिवाय कळत नाही. नुसता दाब मोजून ते समजत नाही. कोन अरुंद निघाला तर लेझरने बुबुळाला बारीक भोक पाडून बहुतेकांचा मार्ग मोकळा करता येतो.

कंपवाताचे मुख्य औषध असलेल्या लेव्होडोपाची कथा बहुतेकांना माहीत असते, तिचा भारतीय धागा मात्र फारसा माहीत नसतो. खाजकुइलीच्या बियांतून हे द्रव्य मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये वेगळे केले. तेव्हा त्याचा कंपवाताशी काही संबंध आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. 1957 मध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन या रक्तदाबाच्या औषधाने निपचित पडलेले ससे डोपाच्या इंजेक्शनने उठवले. 1960 मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना रुग्णांच्या मेंदूत डोपामिन (डोपापासून बनणारे, हालचालींना लागणारे रसायन) घटलेले आढळले. 1967 मध्ये कोत्झियास यांनी तोंडाने रोज कित्येक ग्रॅम डोपा देऊन रुग्ण चालते केले. आज तेच काम दिवसाला काहीशे मिलिग्रॅमवर भागते, कारण सोबतचे कार्बिडोपा मेंदूबाहेरची नासाडी थांबवते. सिन्डोपा 110 या गोळीच्या नावातला आकडा म्हणजे 100 लेव्होडोपा आणि 10 कार्बिडोपा.

याच सुमारास, 1963 मध्ये, सशाच्या दृष्टिपटलातही (रेटिनातही) डोपामिन सापडले. तिथल्या काही जोडणाऱ्या, अॅमाक्राइन नावाच्या पेशी ते बनवतात. उजेड-अंधाराशी जुळवून घेणे आणि शेजारच्या छटा वेगळ्या काढणे या कामांत त्याचा हात असतो. मग कंपवातात हे कामही बिघडत असेल का? 1978 मध्ये बोडिस-वॉलनर आणि यार यांनी रुग्णांना चौकटींचा बदलता पट दाखवून डोक्याच्या मागच्या भागातील विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा त्या उशिरा येत असल्याचे दिसले. पुढे मृत रुग्णांच्या दृष्टिपटलातही डोपामिन कमी आढळले. पार्किन्सन यांचे ते वाक्य इथे खोटे ठरले.

तक्ता यात फसवतो, कारण तो पांढऱ्यावर काळा असतो. 6/6 नजर असलेला रुग्ण पांढऱ्या ताटलीतला दहीभात चाचपडत खातो आणि तिन्हीसांजेला राखाडी फरशीची पायरी चुकतो. त्याला छटांमधला फरक कळत नाही, आणि चष्म्याचा नंबर वाढवून तो भरून येत नाही. रंगीत ताटली आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी यांचा उपयोग अधिक होतो. लेव्होडोपाने छटांची जाण थोडी सुधारते, म्हणून डोळ्यांची तपासणी गोळीचा अंमल असताना करावी; गोळी उतरलेली असताना आलेला निकाल दिशाभूल करतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अशा रुग्णाला जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवणारे मल्टिफोकल भिंग बसवण्याआधी दहादा विचार करावा, कारण ते भिंग छटांचा फरक आणखी कमी करते. शस्त्रक्रियेच्या सकाळी कंपवाताची गोळी चुकवू नये, आणि नंतर मळमळ झाली तर मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवरचे औषध देऊ नये, कारण ते डोपामिनलाच अडवते.

अमॅन्टाडिनचा किस्सा वेगळा आहे. हे मूळचे फ्लूचे औषध. बोस्टनमध्ये एका कंपवाताच्या रुग्ण बाईंनी फ्लू टाळण्यासाठी ते 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतले, तर थरथर आणि ताठरपणा कमी झाला. सहा आठवड्यांनी औषध थांबवताच दोन्ही परतले. डॉक्टर श्वाब यांनी 1969 मध्ये हे प्रसिद्ध केले. कॉर्नियावरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा परिणाम नंतर कळला. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, प्रौढ वयात चौरस मिलिमीटरला सुमारे 2500. तो सतत पाणी बाहेर फेकून कॉर्निया पारदर्शक ठेवतो, आणि या पेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. अमॅन्टाडिनने काहींच्या दोन्ही डोळ्यांत हा थर दुबळा पडतो, कॉर्निया फुगतो आणि सगळे धुक्यातून दिसते. सुरुवात काही आठवड्यांत होते, तशी काही वर्षांनीही. याच थराचा फुक्स डिस्ट्रॉफी नावाचा आजार समजून कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली माणसेही आहेत, जेव्हा बहुधा औषध थांबवून भागले असते. पण थांबवायचे ते मेंदूच्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. एकदम बंद केल्यास ताप, भ्रम आणि कडक ताठरपणा येऊ शकतो.

यापुढची कल्पना धाडसी होती. दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्याच्या थरातील पेशी मेलॅनिन बनवताना वाटेत लेव्होडोपा तयार करतात. मग त्याच पेशी मेंदूत का बसवू नयेत? दात्यांच्या डोळ्यांतील पेशी वाढवून, जिलेटिनच्या सूक्ष्म मण्यांवर चिकटवून मेंदूच्या पुटामेन या हालचाली सांभाळणाऱ्या भागात सोडल्या. पहिल्या सहा रुग्णांत वर्षभरात हालचालींचे गुण सरासरी 48 टक्क्यांनी सुधारले आणि आशा उंचावल्या. मग 71 रुग्णांची तुलनात्मक चाचणी झाली. 35 जणांना पेशी दिल्या आणि 36 जणांच्या कवटीला नुसतेच अर्धवट भोक पाडले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे गुण 10.5 ने सुधारले, दुसऱ्याचे 10.1 ने. हा निकाल 2011 मध्ये छापून आला. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी वारलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत साधारण 118 पेशी जिवंत आढळल्या होत्या. सोडल्या होत्या सव्वातीन लाख. कंपवातात नुसत्या आशेने गुण किती सुधारतात, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

त्याच थराने पुढे उलटी वाट दाखवली. या पेशींवर जीपीआर 143 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो आणि लेव्होडोपा त्याला चिकटते, हे 2008 मध्ये कळले. मग 2016 मध्ये अमेरिकेतील कोट्यवधी रुग्णनोंदी चाळल्या, तेव्हा लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्ये वाढत्या वयातील मॅक्युलाची (दृष्टिपटलाच्या मध्यभागाची) झीज सुमारे आठ वर्षे उशिरा दिसली. नोंदींवरून काढलेला हा निष्कर्ष आहे. मॅक्युलासाठी सिन्डोपा सुरू करण्याइतका पुरावा त्यात नाही.

अलीकडची उत्सुकता ओसीटीची, म्हणजे प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनची आहे. हे तंत्र 1991 मधले. कंपवातात दृष्टिपटलाचा थर पातळ होतो हे त्यावर 2004 मध्ये दिसले. 2023 मध्ये लंडनच्या संशोधकांनी 154,830 रुग्णांची नेत्रनोंद आणि यूके बायोबँक या ब्रिटनमधील आरोग्यमाहितीच्या संग्रहातील 67,311 जणांची माहिती तपासली. थर पातळ झाल्याच्या खुणा निदानाच्या सरासरी सात वर्षे आधी सापडल्या. त्यावरून ‘डोळ्याच्या फोटोवरून कंपवात ओळखा’ असे मथळे आले. पण दोन गटांतला सरासरी फरक सुमारे 2 मायक्रॉनचा होता, आणि दवाखान्यातले ओसीटी यंत्र साधारण 5 मायक्रॉनपर्यंतचाच तपशील वेगळा दाखवते. हजारोंच्या सरासरीत हा फरक उमटतो. एकट्याच्या अहवालात मात्र तोच थर काचबिंदूने, मधुमेहाने, मोठ्या मायनस नंबराने किंवा नुसत्या वयानेही तेवढाच पातळ झालेला असू शकतो.