वाइड लेन्स आधी बारीकच होती

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या चपट्या वाइड प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, सव्वाशे ग्रॅमच्या लेन्सकडून अपेक्षा तरी काय करायची? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जी सोबत येते तीच कामाची, बाकीच्या कपाटात राहतात. दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालतात, की लेन्स लहान करायची की मोठी हे कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. वाइड लेन्सच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. तिची जाडी बहुतेक वेळा ठरली ती तिच्या पाठीमागे किती जागा मोकळी सोडावी लागते यावर, आणि त्या जागेचा इतिहास शंभर वर्षांचा आहे.

३५ मिमी फिल्मच्या फ्रेमचा, म्हणजे २४ × ३६ मिमीचा, कर्ण साधारण ४३ मिमी भरतो. फोकल लेंथ (साध्या लेन्सपासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं अंतर) त्याहून बरीच कमी झाली की लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी. व्यवहारात ३५, २८, २४, २१ असे आकडे. यातली सर्वात साधी लेन्स फिल्मपासून जवळजवळ आपल्या फोकल लेंथइतक्याच अंतरावर बसू पाहते. २८ मिमीची लेन्स २८ मिमीवर. पुढची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते.

सुरुवातीला ही अडचण नव्हतीच, कारण मधे काहीच नव्हतं. गोएर्झ कंपनीसाठी एमिल फॉन ह्योग यांनी १९०० साली हायपरगॉन काढली. समोरासमोर ठेवलेल्या वाटीसारख्या दोन पातळ काचा, बस्स. दृश्यकोन सुमारे १३५ अंश, ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ २२; हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यासाठीची ही लेन्स मुठीत मावेल एवढी होती. पण तिच्यात प्रकाश मधोमध भरपूर आणि कडेला अगदी कमी पडायचा. त्यावरचा उपाय बघण्यासारखा आहे: लेन्सच्या पुढ्यात पंख्याच्या पात्यांसारखी एक धातूची चांदणी बसवलेली. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ती गरगर फिरायची आणि मधला प्रकाश अडवायची. कडांना पुरेसं एक्स्पोजर मिळालं की चांदणी बाजूला पाडायची आणि उरलेलं एक्स्पोजर उघड्या लेन्सने पुरं करायचं. आज हेच काम कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर करतं. फरक एवढाच, की चांदणी खरा प्रकाश वाटून देत होती आणि सॉफ्टवेअर आलेल्या प्रकाशाला नंतर फुगवतं.

१९२५ साली लाइपत्सिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. ऑस्कर बारनॅकच्या या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स पक्की बसवलेली होती. लेन्स बदलता यायला लागल्यावर १९३० मध्ये ३५ मिमी एफ ३.५ एल्मार आली आणि काही वर्षांत २८ मिमी एफ ६.३ हेक्टर. दोन्हींची रचना मॅक्स बेरेकची. एल्मारमध्ये चारच काचा होत्या आणि ती कॅमेऱ्यावर बसवली तरी तो कोटाच्या खिशात जायचा. आज ज्याला आपण पॅनकेक म्हणतो ते प्रकरण तेव्हा वेगळं नाव द्यावं इतकं विशेष नव्हतं. लायकामध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये शटरच्या कापडाखेरीज काही नव्हतं, फ्रेम बघायला वेगळी खिडकी होती.

या मोकळेपणाचा फायदा आकारापुरता नव्हता. ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना सारख्या काचा मांडल्या की पुढच्या अर्ध्या भागाने केलेल्या कितीतरी चुका मागचा अर्धा भाग आपोआप खोडतो. सरळ रेषा वाकणं, कडेला रंगांची किनार, कोमा (कडेचा ठिपका शेपटीसारखा ओढला जाणं), हे तिन्ही दोष समतोल रचनेत जवळजवळ फुकटात जातात. लुडविग बर्टेलेने झाइससाठी केलेली २१ मिमी एफ ४.५ बायोगॉन (१९५४) हे त्या विचाराचं शिखर. इमारतीच्या फोटोत कडेची भिंत फूटपट्टीने आखल्यासारखी येते. तिची मागची काच मात्र फिल्मच्या इतकी जवळ जाते की मधे बोटसुद्धा शिरणार नाही.

राहिला अंधाराचा प्रश्न. साध्या रचनेत कोपऱ्यात पोचणारा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. २८ मिमीच्या लेन्सला फ्रेमच्या टोकाला सुमारे ३८ अंशांचा कोन पडतो, तिथे मधल्याच्या ३९ टक्के प्रकाश उरतो. २१ मिमीला २४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तब्बल दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). सोव्हिएत डिझायनर मिखाइल रुसिनोव्ह यांनी १९४० च्या दशकात बाहेरच्या मोठ्या वाकड्या काचांनी हा नियम थोडा वाकवून दाखवला, आणि बायोगॉनही त्याच वाटेने गेली. पण पूर्ण सुटका कुणाचीच झाली नाही.

मग मधे आरसा आला. १९३६ च्या किने एक्झाक्टाने ३५ मिमी फिल्मवर एसएलआर (लेन्समधून येणारं दृश्यच आरशाने दाखवणारा कॅमेरा) आणला आणि १९५९ च्या निकॉन एफने तो व्यावसायिक फोटोग्राफरच्या हातात नेऊन ठेवला. निकॉन एफमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. वर-खाली होणाऱ्या आरशाला तेवढी जागा लागतेच. आता २८ मिमीच्या लेन्सला २८ मिमीवर बसायचं आहे आणि तिथे आरसा थडाथड उडतोय.

निकॉनने सुरुवातीला चक्क आरशालाच बाजूला केलं. २१ मिमी एफ ४ निक्कॉर लावायची तर आधी आरसा वर अडकवून ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर खोचायचा. एसएलआर घेऊन त्याचं एसएलआरपण बंद करण्याचा हा प्रकार फार टिकणारा नव्हता. हॅसलब्लाडने तर १९५४ मध्ये ३८ मिमी बायोगॉनसाठी आरसाच नसलेली वेगळी बॉडी काढली. लेन्ससाठी कॅमेरा बदलणारे विरळाच. मला हा निर्णय आजही फार आवडतो.

बाकी सगळ्यांनी लेन्स बदलली. पुढे प्रकाश पसरवणारी मोठी काच, मागे तो गोळा करणारा गट, म्हणजे टेलिफोटोची रचना उलटी फिरवलेली. अशी लेन्स आपल्या फोकल लेंथपेक्षा बरीच लांबून प्रतिमा पाडू शकते. कल्पना सिनेमातून आली होती. टेक्निकलरच्या तीन फिल्मवाल्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे प्रकाश वाटणारा प्रिझम असायचा, त्यासाठी टेलर, टेलर अँड हॉब्सनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशी ३५ मिमी लेन्स केली होती. स्थिरचित्रणात १९५० ची आँजेन्यू ३५ मिमी एफ २.५ रेट्रोफोकस आली, पाठोपाठ झाइस येनाची फ्लेक्टोगॉन.

याची किंमत मोजावी लागली. समतोल गेला, त्याबरोबर फुकटची दुरुस्तीही गेली. रेषा बाहेरच्या बाजूला फुगू लागल्या, त्यांना सरळ करायला आणखी काचा आल्या. चार काचांच्या जागी सात, आठ, नऊ झाल्या, पुढची काच बशीएवढी झाली. प्रत्येक काच-हवा पृष्ठभाग चारेक टक्के प्रकाश परत फेकतो. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधलेलं, हे परावर्तन कमी करणारं कोटिंग नसतं तर एवढ्या काचांमधून फोटोऐवजी धुकंच आलं असतं. जवळच्या वस्तूवर फोकस केला की कोपरे ढासळायचे. निकॉनने १९६७ च्या २४ मिमी एफ २.८ मध्ये काचांचे गट वेगवेगळ्या गतीने सरकवून तो दोष आटोक्यात आणला. या लेन्स उत्तमच होत्या. छायाचित्रकार योसेफ कुडेल्काने जिप्सी वस्त्यांमधले फोटो एक्झाक्टावर २५ मिमी फ्लेक्टोगॉन लावून काढले, यावरून काय ते समजावं. पण त्या बारीक मात्र राहिल्या नाहीत.

म्हणूनच एसएलआरच्या जमान्यातल्या नावाजलेल्या पॅनकेक लेन्स वाइड नव्हत्या. निकॉनची जीएन ४५ मिमी (१९६९), पेंटॅक्स-एम ४० मिमी (१९७६, जाडी १८ मिमी), कॅननची २०१२ ची ४० मिमी एसटीएम. सगळ्या चाळिशी-पंचेचाळिशीत. त्यामागे चाळीस मिमीच्या दृश्यकोनाची आवड होतीच असं नाही. एवढी फोकल लेंथ असली की आरशाला चुकवायला फारशी कसरत करावी लागत नाही, काचा थोड्या राहतात. २४ किंवा २१ मिमीला तसं करता येत नव्हतं. पेंटॅक्सने एपीएस-सी या लहान सेन्सरसाठी ‘लिमिटेड’ मालिकेत २१ मिमीची चपटी लेन्स काढली, पण ॲपर्चर एफ ३.२ वर थांबवून.

बारीक वाइड लेन्स या काळात जगली ती खिशातल्या फिल्म कॅमेऱ्यांमध्ये. योशिहिसा माइतानी यांच्या ऑलिंपस एक्सएमध्ये (१९७९) ३५ मिमी एफ २.८, रिकोच्या जीआर१ मध्ये (१९९६) २८ मिमी एफ २.८. जीआरची लेन्स इतकी गाजली की रिकोने ती पुढे लायकाच्या स्क्रू माउंटमध्ये सुटी विकली. दरम्यान झूम सुधारत गेले, आणि वाइडपासून सुरू होणारा झूम कॅमेऱ्याबरोबरच मिळू लागल्यावर साधी २८ मिमी प्राइम वेगळी का घ्यावी याचं उत्तर देणं कठीण होऊन बसलं.

मग आरसा गेला. २००८ मध्ये पॅनासॉनिक आणि ऑलिंपसने मायक्रो फोर थर्ड्स ही लहान सेन्सरची, बिनआरशाची पद्धत जाहीर केली, माउंटपासून सेन्सरपर्यंत २० मिमीच्या आत. २०१० मध्ये पॅनासॉनिकची १४ मिमी एफ २.५ आली: ५५ ग्रॅम, जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास, दृश्य फुल फ्रेमच्या (२४ × ३६ मिमीच्या) २८ मिमीइतकं. त्याच वर्षी सोनीची १६ मिमी एफ २.८. आज सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. लायकाच्या एम माउंटलासुद्धा २७.८ लागतात.

तेव्हा आता १९३० ची एल्मार परत आणायला हरकत नव्हती, असं वाटेल. हरकत होती. फिल्मवर प्रकाश तिरका पडला तरी चालतं, सेन्सरवर तो जितका सरळ पडेल तितका बरा, कारण प्रत्येक पिक्सेल थोडा खोल असतो आणि वर फिल्टरची काच असते. जुन्या समतोल वाइड लेन्स डिजिटल बॉडीवर लावल्या की कोपरे अंधारतात, कडेला जांभळट किंवा हिरवट झाक येते. लायकाने २००६ च्या एम८ मध्ये कडेच्या पिक्सेलवरची सूक्ष्म भिंगं मधल्या बाजूला सरकवून वाट काढली. आणि गंमत अशी, की आरशाच्या सक्तीने जन्मलेली उलटी रचना प्रकाश सरळ पाडते, म्हणजे सेन्सरला तीच मानवते. त्यामुळे आजच्या बारीक वाइड लेन्स पूर्ण समतोल नाहीत आणि पूर्ण उलट्याही नाहीत. मधल्या कुठेतरी उभ्या आहेत, साच्यातून काढलेल्या ॲस्फेरिकल (गोलाच्या वक्रतेत न बसणाऱ्या) काचांच्या आधाराने.

शिवाय आता एक दोष काचेने दुरुस्त करायचा नाही असं ठरवता येतं. रेषांचा फुगवटा आणि कोपऱ्यांचा अंधार सॉफ्टवेअरवर सोडला की डिझायनरला उरलेल्या काचा तीक्ष्णपणासाठी वापरता येतात. मायक्रो फोर थर्ड्समध्ये दुरुस्तीची माहिती लेन्सच कॅमेऱ्याला देते, बरीच सॉफ्टवेअर ती न विचारता लावून टाकतात. कॅननच्या १६५ ग्रॅमच्या आरएफ १६ मिमी एफ २.८ ची कच्ची रॉ फाइल दुरुस्ती बंद करून उघडावी: क्षितिज धनुष्यासारखं वाकलेलं, कोपरे जवळजवळ काळे. दुरुस्ती चालू केली की सगळं जागेवर.

यात फसवणूक झाली असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. हिशेब मात्र नीट मांडावा. कोपरा दोन स्टॉपने उजळवला तर तिथला नॉइज (दाणेदारपणा) चौपट आयएसओवर (प्रकाश-संवेदनशीलतेवर) काढल्यासारखा होतो. ४०० आयएसओला कळणार नाही, ६४०० ला कळेल. फुगवटा सरळ करताना कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जातात, तिथली बारीकसारीक पोत पातळ होते. रात्रीच्या ताऱ्यांचे फोटो किंवा वास्तुचित्रण हे मुख्य काम असेल तर ही उधारी महाग पडते. माणसं, रस्ता, प्रवास यांसाठी कोपऱ्यात क्वचितच काही महत्त्वाचं असतं, तिथे पाऊण किलोची एफ १.४ लेन्स वागवल्याचं चीज होणं अवघड.

एफ २.८ कमी आहे, ही तक्रारही तपासून घ्यावी. २८ मिमीवर हात थोडा हलला तरी फोटो सहज वाचतो, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन त्यात भर घालतं. तोटा होतो तो हलणारी माणसं अंधारात टिपताना आणि पार्श्वभूमी धूसर करायची असेल तेव्हा. दुसऱ्या कारणासाठी वाइड लेन्स घेणाऱ्याने मुळात ८५ मिमी बघावी.

माझी खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. २८ मिमी एफ ८ वर ठेवून सव्वातीन मीटरवर फोकस केला की दीड-पावणेदोन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं. रस्त्यावरचे फोटो काढणारा गॅरी विनोग्रँडसारखा माणूस २८ मिमी घेऊन गर्दीत एवढ्या वेगाने काम करू शकला त्यात याचा वाटा मोठा. पण त्यासाठी लेन्सवर अंतराचे आकडे लागतात, आणि कडी फिरवली की फोकस तिथेच थांबावा लागतो. निकॉनची झेड २६ मिमी, कॅननची आरएफ २८ मिमी यांच्या कडीखाली मोटरला जाणारी तार आहे. आकडे नाहीत, टोक नाही. कॅमेरा बंद-चालू केला की लावलेलं अंतर तसंच राहील याची खात्री आधी मेन्यूत जाऊन करून घ्यावी लागते. रिकोने आपल्या डिजिटल जीआरमध्ये ‘स्नॅप फोकस’ ठेवला आहे: एक, दीड, दोन, अडीच, पाच मीटर असं अंतर आधीच निवडायचं, बटण एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस न शोधता थेट त्या अंतरावर फोटो घेतो. सुट्या लेन्सच्या कंपन्यांना यासाठी एक काचही वाढवावी लागणार नाही.