पाऊण इंची गोटीनं जोर वाढत नाही

उसाचा हंगाम आला की निपाणी-चिकोडीकडच्या गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अर्धा इंची कशाला घेतोस, पाऊण इंची गोटी लाव, नट आपसूक सुटतोय बघ."

नाही सुटत. गोटी म्हणजे नटावर बसणारं सॉकेट; अर्धा-पाऊण हे तिच्यात दांडा बसतो त्या चौकोनाचं माप. दांडा तेवढाच लांब आणि माणूस तोच असेल, तर नटावर पोचणारा पीळही (टॉर्क) तेवढाच. ६० किलोचा गडी दांड्यावर पाइप चढवून नटापासून मीटरभरावर लोंबकळला की साधारण ५९० न्यूटन-मीटर. मग चौकोन अर्ध्याचा असो की पाऊणचा. फरक इतकाच, की पाऊण इंची चौकोन त्याच पोलादात तिपटीहून जास्त पीळ सोसतो. अर्धा इंची तिथं मोडू शकतो आणि गड्याची बोटं ट्रॉलीच्या रिमवर सोलतात.

पण मेख या सोसण्यातच आहे. १२ मिलिमीटरचा ८.८ या ताकदीच्या दर्जाचा बोल्ट आवळतात साधारण ८०-९० न्यूटन-मीटरला. त्याला हा पाइप लावलात तर गोटी शाबूत, बोल्टचं डोकं तेवढं हातात. गंजलेल्या आट्यांत आधी तेल मुरू द्या, रात्रभरसुद्धा. मग हातोडीचे दोन-चार ठोके, जरा आवळून मग सोडवायचं. तरी हलेना? आटे उलटे आहेत का बघा. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना असतात.