मुंबईतली केबल: गच्चीवरच्या डिशपासून फायबरपर्यंत

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा घराला लागायचा तो गच्चीवरचा अँटेना आणि खिडकीतून आत घेतलेली चपटी वायर. वर्षाचं लायसन्स काढलं की महिन्याचं बिल नावाचा प्रकार नव्हता. तो आला १९८०च्या दशकात, व्हिडिओ कॅसेटमुळे. उंच इमारतीत कुणीतरी व्हीसीआर आणि त्याचं चित्र वायरीतून पाठवण्याजोगं करणारा मॉड्युलेटर बसवायचा, जिन्यातून कोअ‍ॅक्सियल वायर सोडायचा आणि मजल्यामजल्यावर एकच सिनेमा दिसायचा.

१९९१मध्ये उपग्रहावरून आखाती युद्धाच्या बातम्या दिसल्या आणि त्याच वर्षी आशियासॅट-१ उपग्रहावरून स्टार टीव्ही आला. २ ऑक्टोबर १९९२ला झी. हे चॅनेल सी-बँड या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात यायचे; त्याची ती अवाढव्य डिश एका बिऱ्हाडाला परवडणारी नव्हती, आणि चाळीत ठेवणार तरी कुठे? पण एका गच्चीवरच्या डिशवर आख्खी गल्ली चालवता येत होती. इमारतीला इमारत लागून असलेल्या मुंबईत हे गणित फार चटकन जमलं. वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर जायची, तिथे अ‍ॅम्प्लिफायर, मग पुढची इमारत. १९९५च्या केबल कायद्याने या धंद्याला नियम लावले. केबलवाल्याची नोंदणी व्हायची पोस्टात.

अ‍ॅनालॉग केबलची खरी अडचण जिन्यातल्या पेटीत दिसायची. आरजी-६ या केबलच्या नेहमीच्या वायरीत १०० मीटरला वरच्या फ्रिक्वेन्सीवर सुमारे २० डेसिबल सिग्नल मरतो. एका वायरीच्या दोन वाटा करणारा, म्हणजे दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण ३.५ डेसिबल खातो, चार तोंडांचा ७, आठ तोंडांचा ११. भरून काढायला अ‍ॅम्प्लिफायर लावायचा, पण तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. म्हणून लाइनच्या शेवटच्या घरात मुंग्या ठरलेल्याच. स्प्लिटरचं एखादं तोंड ७५ ओहमची टोपी न लावता उघडं सोडलं की लाट परत फिरते आणि पडद्यावर माणसाच्या बाजूला त्याची सावली उभी राहते. पावसाळ्यात पिनमध्ये पाणी शिरलं की आतली तार गंजायची आणि आधी वरच्या नंबरचे चॅनेल जायचे, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला तोटा जास्त.

याहून मोठी गोष्ट पैशाची होती. अ‍ॅनालॉगमध्ये सगळ्या घरांत सगळं जातं. एका घराला एक चॅनेल द्यायचा, शेजारच्याला नाही, असं सहज करता येत नव्हतं आणि जोडण्या किती हे मोजताही येत नव्हतं. चॅनेलवाले म्हणायचे, केबलवाला घरं लपवतो. केबलवाला म्हणायचा, चॅनेल भाव वाढवतात. ग्राहक मधल्या मध्ये. तो महिन्याला एक रक्कम द्यायचा आणि त्यातलं कुणाला किती जातं हे त्याला ठाऊक नसायचं. पुढे लोक केबल सोडू लागले, त्याची मुळं आम्हाला इथे दिसतात: बिलाची फोड पहिल्यांदा समोर आली तेव्हाच लोकांनी 'हे हवंय का?' असं विचारायला सुरुवात केली.

फोड करण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे कॅस: बॉक्स लावून हवे तेवढेच पे चॅनेल घ्यायची पद्धत. २००७च्या सुरुवातीला दक्षिण मुंबईत तो लागू झाला. मोफत चॅनेलसाठी ७७ रुपये अधिक कर, आणि प्रत्येक पे चॅनेलला कमाल ५ रुपये. बाकीच्या शहरात जुनंच चालू राहिलं. मग ३१ ऑक्टोबर २०१२च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत अ‍ॅनालॉग केबल बंद करायची मुदत संपली आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. ८ मेगाहर्ट्झच्या ज्या जागेत पूर्वी एक चॅनेल मावायचा, तिथे दहा-बारा मावू लागले. मुंग्या गेल्या, त्यांच्या जागी चित्राचे चौकोन फुटू लागले. डिजिटलला हळूहळू बिघडणं ठाऊक नाही, एका पातळीपर्यंत स्वच्छ आणि त्याखाली काहीच नाही.

डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छोट्या डिशवर येणारं प्रक्षेपण, तोवर आलं होतंच, पण मुंबईत त्याला आकाश लागतं. उदाहरणार्थ, ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह इथून दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर दिसतो. उत्तरेकडे खिडक्या असलेल्या घराला गच्चीशिवाय उपाय नाही, आणि सोसायटी गच्ची देईलच असं नाही. जुलैच्या जोरदार सरीत डीटीएचच्या केयू-बँड फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पाण्यात विरतो, तो त्रास वेगळाच.

१ फेब्रुवारी २०१९ला ट्राय या दूरसंचार नियामकाचे नवे दर लागू झाले आणि बिल पूर्ण उघडं पडलं. १०० चॅनेलसाठी कमाल १३० रुपये नेटवर्क शुल्क, १८ टक्के जीएसटीसह १५३.४० रुपये, वर १९ रुपयांचा चॅनेल करासह २२.४२ रुपयांना. तीन-चार मालिका आणि बातम्या बघणाऱ्या घराला कळलं की आपण आधी वायरीचे पैसे देतो, मग चॅनेलचे. मार्च २०२०पासून त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल झाले आणि जुलै २०२४मध्ये शुल्कावरची मर्यादाच काढली. पण सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता, तुलना करायला दुसरा भाव हातात होता.

तरी केबल सोडणाऱ्या बऱ्याच घरांत केबलवाला तोच राहिला. त्याने जिन्यातली कोअ‍ॅक्सियल काढून फायबर ओढली आणि ब्रॉडबँड विकायला घेतलं. एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. चित्र अडकतं ते बहुधा घरातल्या वायफायमुळे: २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणाऱ्या वायफायच्या वाटा तीनच, आणि इमारतीत राउटर वीस. टीव्हीला लॅन वायर द्यावी, नाहीतर ५ गिगाहर्ट्झ. ओएनटीवर (फायबर जिथे जोडते त्या घरातल्या डब्यावर) लाल दिवा लागला तर आधी टीव्हीमागे फायबर दुमडली आहे का ते बघावं. पोहोचणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली गेला की जोडणी तुटते. जुना बॉक्स भाड्याचा असेल तर अ‍ॅडॅप्टर, रिमोट आणि कार्डासकट परत करून पावती घ्यावी. दुसऱ्या कंपनीकडे तो चालत नाही.

क्रिकेटचं वेगळं आहे. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं, म्हणून विकेट आधी शेजारून ऐकू येते. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. पण ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि डीडी फ्री डिश या त्याच्या मोफत डीटीएच सेवेवरच दाखवता येईल, खासगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. मासिक शुल्क न देता हे सामने हवे असतील तर फ्री डिशची छोटी डिश आणि बॉक्स एकदाच विकत घ्यावा लागतो. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे मुंबईहून आग्नेयेला साधारण ५८ अंशांवर आहे. त्या बाजूला शेजारचा टॉवर आडवा येत असेल तर डिश घेण्याआधी गच्चीची परवानगी मागून ठेवावी.