बाही समोर धरा आणि थोडं थांबा

"अगं त्याला काय कळतंय, घाल पटकन आणि हो मोकळी!" परवा ताईकडे आजी असं म्हणाली आणि मला राहवेचना, कारण तिकडे आमचं दहा महिन्यांचं पिल्लू झबल्याची बाही समोर आली की स्वतःहून कोपर सरळ करत होतं.

बाळाला खूप आधीपासून कळतं. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या वासुदेवी रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की उचलायला हात पुढे आले की दोन-चार महिन्यांची बाळंसुद्धा स्पर्श व्हायच्या आधीच अंग सावरून घेतात.

आता बाहीची गंमत बघा. हात आत गेला की दिसत नाही, मग तो कुठे आहे हे कसं कळतं? तर स्नायूंमध्ये मसल स्पिंडल नावाचे बारीक सेन्सर असतात, स्नायू किती आणि किती वेगात ताणला गेला ते सतत वर कळवत असतात. आणि बाळ स्वतः हात ढकलतं तेव्हा मेंदू स्नायूंना ऑर्डर देतो, तिची एक कॉपी सेरेबेलमकडे, म्हणजे लहान मेंदूकडे जाते, तो अंदाज बांधतो की आता हात इथे पोचेल, मग स्पिंडलची खबर येते, दोन्ही ताडून बघितलं जातं आणि चूक निघाली की पुढचा अंदाज सुधारतो. आपणच हात ओढून बाहीत कोंबला तर स्पिंडलची खबर जाते, पण बाळाची स्वतःची ऑर्डरच नसते, मग ताडायचं कशाशी?

म्हणून थांबायचं. बाळाच्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण अजून तयार होत असतं, निरोप सावकाश जातात. बाही चुण्या करून आखूड धरा, "हात कुठाय?" विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. साधारण वर्षाची झाली की बरीच बाळं हातपाय पुढे करतात, नाही केले तरी घाई नको. त्यासाठी महागडे 'ब्रेन बूस्टर' किट अजिबात लागत नाहीत.

आणि झबलं डोक्यातून घालताना बाळ किंचाळलं म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळू नका हो! तोंडावर कापड येऊन एकदम अंधार होतो, म्हणून घाबरतं ते. पुढून उघडं, बंदांचं झबलं घाला.

घालण्यापेक्षा काढणं आधी जमतं. ताईने पायमोजा टाचेखाली उतरवून तसाच सोडला, पिल्लूने दोनदा नुसताच अंगठा धरला, तिसऱ्यांदा मोजा हातात आला आणि ते कितीतरी वेळ आपल्या उघड्या पायाकडे बघत बसलं.