घरखर्चाचा हिशेब : रोख आणि डेबिट कार्ड

घरातल्या रोजच्या खर्चाची नोंद ठेवून ती हातातल्या आणि बँकेतल्या शिलकीशी ताडून पाहण्याची रीत. भाजी, दूध, वाणसामान, इस्त्री, रिक्षा, औषधे, मुलांच्या वह्या हे खर्च रकमेने लहान असले तरी संख्येने पुष्कळ असतात, आणि महिनाअखेरीला ‘पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न बहुधा त्यांच्याचबद्दल पडतो. रोखीने पैसे दिले की उरलेली रक्कम पाकीट उघडताच कळते, पण गेलेल्या रकमेचा माग राहत नाही. कार्डाने दिले की माग राहतो, मात्र शिल्लक मुद्दाम जाऊन पाहावी लागते.

घरगुती हिशेबाचे मूळ व्यापाऱ्याच्या चोपडीत आहे. पेढीवर कीर्द तारीखवार लिहिली जाते आणि खतावणी खातेवार. रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोखीच्या वहीत, सकाळची श्री शिल्लक (आरंभीची रक्कम), दिवसभराची जमा आणि खर्च मांडून रात्री अखेरची शिल्लक काढायची, मग पेटीतली रोकड मोजून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचे. ही शेवटची मोजणी नसेल, तर वही कितीही सुबक लिहिलेली असली तरी तिला हिशेब म्हणता येत नाही. घरात या रीतीला सुटसुटीत रूप आले. दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, वाण्याची उधारी छोट्या वहीत, भाडे, किराणा आणि फी यांची वेगवेगळी पाकिटे किंवा डबे. जपानमध्ये पत्रकार मोतोको हानी यांनी १९०४ मध्ये घरखर्चाच्या वहीची अशीच शिस्तशीर पद्धत रूढ केली. एकच पैसा मनात निरनिराळ्या कप्प्यांत वाटून ठेवण्याच्या या सवयीचा अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी ‘मानसिक हिशेब’ म्हणून अभ्यास केला. त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातले पहिले एटीएम एचएसबीसी बँकेने १९८७ मध्ये मुंबईत सुरू केले. पुढे बराच काळ बहुतेक घरांत बँकेचे कार्ड म्हणजे पैसे काढण्याचे साधन होते. दुकानात ते वापरायची सवय सावकाश लागली. रुपे हे भारतीय बनावटीचे कार्ड २०१२ मध्ये आले. २०१३च्या अखेरीपासून दुकानातल्या यंत्रावर डेबिट कार्डाला पिन देणे सक्तीचे झाले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्यावर मात्र चित्र झपाट्याने पालटले. त्या दिवसांत डब्यातल्या, कपाटातल्या नोटा बँकेत भराव्या लागल्या, आणि घरातल्या बायकांनी अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली पुंजी सगळ्यांसमोर आली. रोखीचा हा गुण हिशेबाच्या चर्चेत सहसा कोणी मोजत नाही. रोख रक्कम ठेवणारीच्या ताब्यात असते, आणि तिचा जाब दुसऱ्या कोणाला द्यावा लागत नाही.

कार्डाने खर्च वाढतो का, यावर संशोधन झाले आहे. एमा रुनमार्क आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, त्याच वस्तूसाठी लोक रोखीपेक्षा डेबिट कार्डाने जास्त किंमत मोजायला तयार असल्याचे दिसले. दिलीप सोमण यांचा २००१चा अभ्यास घरखर्चाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. तो क्रेडिट कार्ड आणि धनादेश यांच्या तुलनेवर आहे. धनादेशावर रक्कम स्वतःच्या हाताने लिहावी लागते, म्हणून ती लक्षात राहते. कार्डाच्या व्यवहारात ती लिहावी लागत नाही आणि मागचा खर्च लवकर विसरला जातो. वहीत हाताने आकडा लिहिण्याचा खरा फायदा इथे कळतो. नोंद पुढे कोणी वाचली नाही तरी लिहिताना खर्चाची जाणीव होते, आणि बँकेकडून आपोआप आलेला संदेश ही जाणीव देत नाही.

हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो रोख आणि कार्ड एकत्र वापरणाऱ्या घरात. समजा, रविवारी सकाळी पाकिटात १,३४० रुपये आहेत. एटीएममधून २,००० काढले. भाजीला १८०, इस्त्रीला ९०, रिक्षाला ६४ आणि फुलांना २० रुपये रोख दिले. वाणसामान कार्डाने घेतले, १,८६५ रुपयांचे. रात्री पाकिटात २,९८६ रुपये असायला हवेत, पण मोजल्यावर २,९४६ निघतात. चाळीस रुपयांची तूट आहे. त्याच रात्री आठवले तर हे चाळीस रुपये पार्किंगचे होते हे सापडते. आठवड्याने सापडत नाही, मग ते ‘किरकोळ’ या सदरात जातात. दिवसाचा खरा खर्च २,२५९ रुपये झाला. बँकेच्या विवरणात मात्र ३,८६५ रुपये नावे पडलेले दिसतात, कारण त्यात एटीएममधून काढलेले दोन हजारही आहेत. त्यात वहीतला रोख खर्च पुन्हा मिळवला तर आकडा ४,२५९ वर जातो. एटीएममधून काढलेले पैसे खात्यातून पाकिटात गेले, एवढेच. ते खर्च झालेले नाहीत. मोबाइलवरची खर्च मोजणारी अनेक अ‍ॅप बँकेचे संदेश वाचून अशी रक्कम खर्चात धरतात, तेव्हा ती नोंद स्वतः बदलावी लागते.

बँकेचे विवरण म्हणजे हिशेब, हा समज टाकून द्यायला हवा. पैसे कधी आणि कोणाकडे गेले हे विवरण सांगते. कशासाठी गेले ते सांगत नाही. मोठ्या दुकानातल्या एकाच रकमेत तूरडाळ, साबण, खेळणे आणि भाचीच्या वाढदिवसाची भेट असते. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि विवरणात मालकाच्या कंपनीचे दुसरेच, असेही होते. उष्णतेने छापलेल्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, त्यामुळे महागड्या वस्तूच्या पावतीचा लगेच फोटो काढून ठेवलेला बरा.

यूपीआयची सुरुवात २०१६ मध्ये झाली आणि चहाचे दहा रुपयेही थेट बँक खात्यातून जाऊ लागले. पासबुकाची पाने अशा नोंदींनी भरतात आणि त्यांच्या गर्दीत मोठी चूक नजरेतून सुटते. २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमुळे, म्हणजे अ‍ॅपमध्ये थोडी रक्कम आधीच भरून ठेवण्याच्या सोयीमुळे, ही गर्दी कमी झाली. पासबुकात फक्त रक्कम भरल्याची नोंद येते आणि छोटे खर्च अ‍ॅपमध्येच राहतात. त्यात भरलेल्या रकमेला एटीएमचाच नियम लागू होतो : ती भरली म्हणजे खर्च झाली नाही.

संयुक्त खात्यात आणखी एक अडचण असते. बँकेचे संदेश बहुधा एकाच मोबाइलवर जातात आणि घरखर्च पाहणारी व्यक्ती अनेकदा दुसरीच असते. घरखर्चासाठी वेगळे खाते उघडून महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम त्यात भरावी आणि त्याचे संदेश खर्च करणाऱ्याच्या फोनवर येऊ द्यावेत. पाकिटांची जुनी रीत बँकेत नेण्याचा याहून सोपा मार्ग नाही. भाजीपाला, रिक्षा असे खर्च ठरीव रोखीतून केले, तर प्रत्येक पालेभाजीची जुडी लिहिण्याची गरज उरत नाही. आठवड्याला पाकीट मोजले की पुरते.

ताळमेळ वेळेवर घेण्यामागे सुरक्षेचेही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. उशीर झाला की त्याचा वाटा वाढतो. यंत्रातून नोटा न येता खात्यातून रक्कम वजा झाली, किंवा दुकानात पैसे कापले गेले पण व्यवहार पुरा झाला नाही, तर सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. त्यानंतर दररोज शंभर रुपये भरपाई देय असते. अशी रक्कम वहीत खर्चात न धरता ‘येणे’ म्हणून लिहावी आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच ती ओळ खोडावी.