पॅरेगोरिक आणि अफूचा अर्क: एक चमच्याचं औषध, दुसरं थेंबांचं

फार्मसीच्या मुलांना शिकवताना मी फळ्यावर एकाखाली एक दोन नावं लिहिते. ‘कॅम्फोरेटेड ओपियम टिंक्चर’ आणि ‘ओपियम टिंक्चर’. मग विचारते, फरक काय? दर वर्षी तेच उत्तर येतं: “मॅडम, पहिल्यात कापूर आहे.” उत्तर खोटं नाही, पण तेवढ्यावर विसंबून कुणी औषध पाजलं तर पेशंट दगावेल. पहिल्याच्या एका मिलीलिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅम मॉर्फीन, म्हणजे अफूतलं मुख्य गुंगीचं द्रव्य, असतं आणि दुसऱ्याच्या एका मिलीलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. पंचवीस पट! आणि नावात त्या पंचवीस पटीचा मागमूस नाही, दिसतो तो नुसता कापूर.

दोन्ही औषधं अफूची, दोन्ही अल्कोहोलमध्ये काढलेले अर्क, म्हणजेच टिंक्चर, दोन्ही जुलाबावर दिली जाणारी. दोन्ही युरोपात जन्मली आणि अमेरिकेत विसाव्या शतकातही वापरात राहिली. पहिल्याला सगळे ‘पॅरेगोरिक’ म्हणतात. दुसऱ्याचं जुनं नाव ‘लॉडनम’.

पॅरेगोरिक आधी बघू, कारण त्याचा वास आपल्या ओळखीचा आहे. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे याकोब ल मॉर्ट यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दम्यासाठी एक काढा बसवला. त्यात अफूबरोबर मध, ज्येष्ठमध, कापूर, अ‍ॅनिसचं तेल आणि ऊदाची फुलं होती. ऊद तापवला की वर जे पांढरे स्फटिक धरतात, ती ही ‘फुलं’, म्हणजे बेंझोइक आम्ल. १७२१ च्या लंडनच्या औषधसंहितेत हाच काढा ‘दम्याचं एलिक्झिर’ म्हणून आला आणि १७४६ मध्ये त्याचं नाव ‘एलिक्झिर पॅरेगोरिकम’ झालं. पॅरेगोरिक हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘शांतवणारं’. पुढे त्यातला मध गेला, ज्येष्ठमध गेला, दमाही मागे पडला. खोकला आणि जुलाब हीच त्याची मुख्य कामं उरली.

अमेरिकी औषधसंहितेतल्या पाककृतीत साधारण ९५० मिलीलिटर औषधासाठी अफूची पूड फक्त ४.३ ग्रॅम आहे. तिच्या जोडीला ३.८ ग्रॅम कापूर, ३.८ ग्रॅम बेंझोइक आम्ल, ३.८ मिलीलिटर अ‍ॅनिसचं तेल आणि थोडं ग्लिसरीन. म्हणजे कापूर जवळजवळ अफूइतकाच! अ‍ॅनिसला बडीशेपेसारखाच वास असतो. बाटली उघडली की आधी येतो तो देवघराचा आणि मुखवासाचा मिळून एक वास. अफू त्याच्यामागे दडलेली असते. कापूर आणि हे तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्कोहोल भरपूर लागतं, सुमारे ४५ टक्के. त्यामुळेच चमचाभर पॅरेगोरिक पाण्यात ओतलं की पाणी क्षणात दुधाळ होतं. अल्कोहोल पातळ झालं की त्याच्या आधाराने विरघळलेलं तेल आणि कापूर बारीक कणांनी बाहेर पडतात. मोठ्या माणसाला याचा डोस चमच्याने मोजतात: ५ ते १० मिलीलिटर, दिवसातून एक ते चार वेळा. म्हणजे एका वेळी २ ते ४ मिलिग्रॅम मॉर्फीन.

आता दुसरी बाटली. ‘लॉडनम’ हा शब्द सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने रूढ केला. द्रवरूपातलं लॉडनम लोकप्रिय केलं ते सतराव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी. त्यांच्या पाककृतीत शेरी वाइनमध्ये अफू, केशर, दालचिनी आणि लवंग असे. पुढे मसाले गळाले आणि उरला तो अफूचा नितळ, दाट अर्क: तांबूस तपकिरी आणि जिभेवर कडूजहर. अमेरिकेत मिळणारा अर्क ‘डीओडराइज्ड’, म्हणजे वास काढलेला. पेट्रोलियमच्या एका द्रावकाने त्यातली वासाची आणि मळमळ आणणारी द्रव्यं वेगळी करतात, मॉर्फीन तसंच राहतं. अल्कोहोल यात पॅरेगोरिकपेक्षा कमी, १९ टक्क्यांच्या आसपास. मुलं इथे हमखास फसतात. ज्यात दारू जास्त तेच औषध कडक, असं त्यांना वाटतं आणि इथे नेमकं उलटं असतं. या अर्काचा मोठ्या माणसाचा डोस ०.६ मिलीलिटर, दिवसातून चार वेळा. म्हणजे एका वेळी ६ मिलिग्रॅम मॉर्फीन, तेही ड्रॉपरने किंवा बारीक सिरिंजने मोजून.

आता नेमकी चूक कशी होते ते पाहा. डॉक्टरच्या डोक्यात पॅरेगोरिक आहे, कागदावर उतरतं ‘ओपियम टिंक्चर, एक चमचा’. फार्मासिस्ट कागदावर आहे तेच देतो. चमचा पाच मिलीलिटरचा, त्यात ५० मिलिग्रॅम मॉर्फीन. पेशंटला हवं होतं २ मिलिग्रॅम. ज्याने कधी मॉर्फीन घेतलेलं नाही असा माणूस या डोसनंतर गुंगीत जातो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावत जातो. घरच्यांना वाटतं, चार दिवसांच्या जुलाबांनी थकला होता, आता जरा शांत झोप लागली. अफूची चूक अशी झोपेच्या रूपात येते, म्हणूनच ती उशिरा कळते. उलट चूक झाली, म्हणजे पॅरेगोरिक ०.६ मिलीलिटर दिलं, तर बहुधा काहीच होत नाही, जुलाब चालू राहतात एवढंच.

ही गफलत फक्त निष्काळजीपणातून होत नाही, नावंच तशी पडली आहेत. ब्रिटनमध्ये पॅरेगोरिकचं अधिकृत नाव बराच काळ ‘टिंक्चुरा कॅम्फोरी कंपोझिटा’ होतं, म्हणजे ‘कापराचा संमिश्र अर्क’. त्यात अफूचं नावच नाही! स्कॉटलंडात आणखी वेगळं. तिथे अमोनिया घातलेल्या अफूच्या अर्कालाही लोक पॅरेगोरिकच म्हणत, आणि तो इंग्लिश पॅरेगोरिकपेक्षा तीव्र असे. सीमेपलीकडे गेलं की त्याच नावाचा चमचा जड व्हायचा.

सगळ्यांत जीव कासावीस करणारी गोष्ट मात्र अलीकडची आहे आणि ती तान्ह्या बाळांची आहे. गरोदरपणात आईने अफूच्या जातीचं काही घेतलं असेल, तर जन्मल्यावर बाळाचा पुरवठा एकदम तुटतो. बाळ थरथरतं, ओरडून रडतं, दूध ओढत नाही, त्याला जुलाब होतात. अशा बाळांना पूर्वी पॅरेगोरिक देत आणि मग डोस हळूहळू उतरवत. पण त्यातला कापूर, बेंझोइक आम्ल आणि ४५ टक्के अल्कोहोल हे नवजात बाळाला चांगलं नाही, हे लक्षात आलं. म्हणून डॉक्टरांनी कडक अर्क घेऊन पाण्याने पंचवीस पट पातळ केला. त्यात मॉर्फीन पॅरेगोरिकइतकंच, ०.४ मिलिग्रॅम, आणि बाकीचा पसारा नाही. विचार चांगलाच होता. पण या पातळ द्रवाला ‘डायल्यूटेड टिंक्चर ऑफ ओपियम’ म्हणू लागले आणि त्याचं लघुरूप झालं डी. टी. ओ. मूळ कडक अर्क ‘डीओडराइज्ड टिंक्चर ऑफ ओपियम’, त्याचंही लघुरूप डी. टी. ओ.! तीन अक्षरं, दोन औषधं, आणि मध्ये तीन किलोचं बाळ. औषधसुरक्षेवर काम करणारे लोक ही तीन अक्षरं कागदावर लिहूच नका असं का बजावतात, ते यावरून कळावं. कडक अर्काच्या लेबलावरही बजावलेलं असतं की हे पॅरेगोरिकच्या जागी वापरू नका.

कायद्यालाही फरक कळला होता, पण त्यातून एक पळवाट निघाली. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अमेरिकेत अफूवर बंधनं आली, तरी इतकं पातळ म्हणून पॅरेगोरिक वगळलं गेलं. पुढची अनेक दशकं ते कित्येक ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळे. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांवर बोटाने चोळायलाही आया ते घरात ठेवत. मग व्यसनी लोकांनी त्यातला कापूर काढून टाकून, त्यात अ‍ॅलर्जीची एक गोळी मिसळून ते शिरेत टोचायला सुरुवात केली. १९७० च्या अमेरिकी कायद्यानंतर कडक अर्क जास्त बंधनांच्या दुसऱ्या अनुसूचीत आणि पॅरेगोरिक त्याहून सैल अशा तिसऱ्या अनुसूचीत आहे.

पोटात मात्र दोघांचं काम एकच. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्यावर मॉर्फीनला चिकटायच्या जागा असतात. तिथे मॉर्फीन बसलं की आतड्याची पुढे ढकलणारी लाट मंदावते. अन्नरस आत जास्त वेळ राहतो, तेवढ्या वेळात पाणी शोषलं जातं आणि शौच घट्ट होतं. कापराचा यात फारसा वाटा नाही. फळ्यावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी मुलांना असं सांगते: कापराकडे औषध म्हणून बघू नका, खूण म्हणून बघा. फळ्यावरच्या या दोन नावांपैकी ज्यात कापूर दिसतो ते पातळ, ज्यात दिसत नाही ते कडक.

अफू जुलाब थांबवते म्हणजे नेमकं काय थांबवते, हेही इथेच सांगायला हवं. ती आतड्याची हालचाल थांबवते. जंतू तिथेच राहतात. शौचात रक्त पडत असेल, ताप असेल, तर घाण आत अडकवून ठेवणं धोक्याचं ठरतं. पटकीने तर माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. तरी शंभराहून जास्त वर्षं पटकीवर अफूच चालली. भारतात ब्रिटिश सैन्यात असलेले डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन यांनी १८४८ मध्ये पटकीसाठीच लॉडनम, गांजा आणि क्लोरोफॉर्म एकत्र करून ‘क्लोरोडाइन’ बनवलं. खरी वाट मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांनी भरलेल्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपातून मीठ-साखरेचं पाणी वाटलं आणि जिथे ३० टक्के रुग्ण दगावत होते तिथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. दोन्ही बाटल्यांपैकी एकीलाही हे कधी जमलं नव्हतं.

आपल्याकडे या बाटल्या घरोघरी पोचल्या नाहीत, अफू मात्र पोचली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची बाळागोळी देऊन कामाला जात, म्हणजे कामाची पाळी संपेपर्यंत मूल झोपून राही. त्या आयांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. मूल सांभाळायला कुणी नव्हतं आणि खाडा केला तर पगार जायचा. पण गोळीत किती अफू आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि मोजायला चमचा नव्हता की थेंब नव्हता.

आज साध्या जुलाबाला जी लोपरामाइडची गोळी देतात, ती याच घराण्यातली. १९६९ मध्ये बेल्जियममध्ये यान्सनच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली. आतड्याच्या त्याच जागांवर ती बसते, पण नेहमीच्या डोसमध्ये मेंदूत शिरत नाही, कारण मेंदूच्या वेशीवरचा एक प्रथिनांचा पंप तिला परत बाहेर लोटतो. म्हणून गुंगी नाही आणि श्वासावर ताण नाही. ठरलेल्या डोसच्या कितीतरी पट घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि लहान मुलांना ती डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय देऊच नये.

कडक अर्क अजून हद्दपार झालेला नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत आतड्याचा बराच भाग काढावा लागला आणि दुसऱ्या कशानेच जुलाब आटोक्यात येत नसले, तर परदेशात अजूनही तो देतात. तिकडे नर्सिंगला किंवा फार्मसीत गेलेले माझे विद्यार्थी कधी फोन करतात. हातात अफूच्या अर्काची चिठ्ठी असली, तर मी त्यांना औषधाचं नाव विचारत नाही. विचारते, मिलिग्रॅम किती आणि मिलीलिटर किती. दोन्ही आकडे कागदावर नसतील, तर आधी डॉक्टरला फोन, मग बाटलीला हात.