जेपर्डाइझ
जेपर्डाइझ : धोक्यात आणणे या अर्थाचे इंग्रजी सकर्मक क्रियापद. स्पेलिंगमधला ‘ओ’ लेपर्डमधल्या ‘ओ’प्रमाणेच मुका असतो, मराठीत अधूनमधून दिसणारे ‘जिओपार्डाइज’ हे रूप अक्षरांवरून बनलेले आहे.

मूळ नाम ‘जेपर्डी’. काही जुन्या कोशकारांनी ते ‘हरलेला डाव’ या अर्थाच्या ‘ज्यू पेर्द्यू’ या फ्रेंच शब्दांपासून काढले. अर्थाला हे जुळते, पण मध्ययुगीन इंग्रजीत ‘जुपार्ती’सारखी ‘त’कार असलेली रूपे आढळतात. त्यामुळे ‘ज्यू पार्ती’, म्हणजे विभागलेला, बरोबरीत अडलेला डाव, ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. प्राचीन फ्रेंचमध्ये ही संज्ञा बुद्धिबळातील कूटप्रश्नाला आणि दोन कवींच्या वादकाव्यालाही लावत. इंग्रज कवी चॉसरच्या ‘द बुक ऑफ द डचेस’मध्ये (बहुधा १३७० च्या सुमारास) नियतीशी बुद्धिबळ खेळून हरलेला सरदार म्हणतो, की हे ‘जेपर्डी’ येत असते तर बरे खेळलो असतो. इथे अर्थ कूटप्रश्नच; धोका नव्हे. निकाल अनिश्चित, म्हणून जोखीम, अशी पुढची वाटचाल दिसते.

क्रियापद आधी ‘जेपर्ड’ असे होते. १६११ च्या बायबल-भाषांतरात ते येते. ‘जेपर्डाइझ’ साधारण सतराव्या शतकाच्या मध्यापासून. ‘जेपर्ड’ असताना हे निरुपयोगी, असा शेरा अमेरिकन कोशकार वेब्स्टरने १८२८ च्या कोशात मारला. आज ‘जेपर्ड’च अडगळीत आहे.

कर्म बहुधा अमूर्त असते : बोलणी, नोकरी, अस्तित्व. संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात प्रजाती ‘एन्डेंजर्ड’ (संकटग्रस्त) असते, तर सरकारी प्रकल्प तिचे अस्तित्व ‘जेपर्डाइझ’ करतो. साक्षीदाराला धमकावणारा आरोपी आपला जामीन जेपर्डाइझ करतो, म्हणजे जामीन धोक्यात आला, अजून रद्द झालेला नाही. मराठीत ‘पणाला लावणे’ सर्वांत जवळचे, ‘पण’ही द्यूतातलाच. मात्र पणाला माणूस जाणूनबुजून लावतो, जेपर्डाइझ नकळतही होते.

कायद्यात ‘डबल जेपर्डी’ : एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नको. अमेरिकेत हे संरक्षण १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने दिले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(२) मध्ये हा शब्द नाही आणि संरक्षणही अरुंद आहे. आधी खटला व शिक्षा दोन्ही झालेली असावी लागतात. सांताक्रुझ विमानतळावर पकडलेल्या सोन्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ठरवले, की कस्टम्सने केलेली जप्ती ही न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे. सबब पुढचा फौजदारी खटला चालू शकतो.